वस्तीवरची बॅटरी बदलली, त्याची नोंद



हरभरा पेरून झाला, दोन दिवस हात मोकळे आहेत. सप्टेंबरच्या पावसानं सोयाबीनचं काय केलं ते आपल्या भागात कुणाला सांगायला नको, ते परत उगाळत नाही. आज पिकाचं काही नाही. घरातल्या इन्व्हर्टरची जुनी बॅटरी काढून लिथियमची बसवली, त्याचं लिहितो. पाच-सहा जणांनी फोन करून विचारलं, 'कितीला पडली, चालती का?' एकेकाला सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवतो. यात माझ्या दोन मोठ्या चुका आहेत, त्याही लिहितो. त्या चुकांपायी एका रात्री आईचा जीव टांगणीला लागला होता.

आमची वस्ती नळदुर्गच्या शिवारात, गावापासून चार किलोमीटर आत. डीपीवरचं शेवटचं घर आमचं. मागं डोंगरावर पवनचक्क्या रात्रंदिवस फिरतात, त्यांचे लाल दिवे अंगणातून दिसतात. खाली आमची लाईट कधी येते न् कधी जाते त्याचा मेळ नाही. पाहुणे आले की हमखास विचारतात, 'एवढ्या पवनचक्क्या अन् तुमच्याकडं अंधार कसा?' त्याचं उत्तर द्यायचं मी सोडून दिलंय.

पहिली बॅटरी घरात आली २००७ साली. बहीण दहावीला होती. २००५ मध्ये मंडळ तोडून महावितरण झाली, पण लोडशेडिंग काही तुटलं नाही. त्या काळातलं आठवा, पेपरात वेळापत्रक छापून यायचं आणि ते कापून भिंतीला चिकटवायचं. गावांसाठी अक्षय प्रकाश योजना निघाली, म्हणजे संध्याकाळच्या वेळी गावानं मिळून वापर कमी करायचा आणि बदल्यात दिवे चालू ठेवायचे. गावठाणात त्यानं बरं झालं, वस्तीवर आम्ही कंदिलावरच होतो. अण्णांनी तूर विकली आणि सोलापूरवरनं इन्व्हर्टर-बॅटरी आणली. एक ट्यूब, एक पंखा. बहीण पास झाली. त्यानंतर २०१३ ला दुसरी बॅटरी, २०१९ ला तिसरी. तिसरी म्हणजे दीडशे एएचची उंच ट्युब्युलर, अण्णांनी स्वतः बघून घेतलेली.

अण्णांची एक वही होती. महिन्याच्या पहिल्या रविवारी बॅटरीची सहाही बुचं उघडायची, तरंगणारी दांडी बघायची, डिस्टिल वॉटर घालायचं आणि वहीत लिहायचं. 'पाणी घातले, अर्धा लिटर.' एवढंच. अण्णा २०२१ ला गेले. त्या वहीत त्यांच्या अक्षरातली शेवटची ओळ त्या वर्षीच्या मार्चची आहे. त्यानंतर माझ्या अक्षरातल्या दोन ओळी आहेत आणि पुढं वही कोरी.

ही माझी पहिली चूक.

यंदा मे महिन्यात वळीव लागून राहिला. एका रात्री वाऱ्यानं दोन खांब आडवे झाले. आईला दमा आहे, पाऊस पडला की पहिल्या दोन दिवसांत छाती भरतेच. घरी नेब्युलायझर आहे, साधा कॉम्प्रेसरचा, दवाखान्यात असतो तसला. रात्री अकराला तिला लावला. औषध निम्मं झालं असेल तोवर इन्व्हर्टर ओरडला आणि बंद. मी घड्याळ बघितलं. लाईट गेल्यापासून बावीस मिनिटं झाली होती. २०१९ ला हीच बॅटरी चार तास सहज ओढायची. त्या रात्री पंपाच्या पफवर आणि गरम पाण्यावर निभावलं. आई म्हणाली, 'मला काई होत न्हाई, तू झोप जा.' पण ती बसूनच होती, आडवी झाली नाही पहाटेपर्यंत. बाहेर पवनचक्क्यांचे दिवे चालूच.

दुसऱ्या दिवशी हैदराबाद रोडवरच्या बॅटरीवाल्या चाचांना बोलावलं. चाळीस वर्षं ट्रॅक्टर-ट्रकच्या बॅटऱ्या करणारा माणूस. त्यांनी हायड्रोमीटर घातला. ट्युब्युलर पूर्ण भरलेली असली तर काटा १२४०च्या आसपास पाहिजे. आमच्या पाच सेलला ११६० ते ११८० आणि एकाला १०९०. दोन सेलमध्ये पाणी पट्ट्यांच्या खाली गेलेलं. चाचा हात पुसत म्हणाले, 'मालक, ही म्हातारी होऊन मेली नाही. उपाशी मेली, आणि तुम्ही पाणीपण पाजलं नाही.'

तहानेचं मला कळलं. उपाशी कशी, ते त्यांनी समजावलं, आणि मला वाटतं ही गोष्ट वस्तीवर राहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक पाहिजे. लेडची बॅटरी रिकामी होताना तिच्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचा पांढरा थर बसतो. परत पूर्ण चार्ज झाली की तो थर विरघळतो. पण पूर्ण झाली तरच. अर्धवट राहिली तर उरलेला थर दिवसेंदिवस कडक होतो आणि मग तो निघत नाही. ठिबकच्या ड्रिपरमध्ये क्षार बसतो तसं समजा. वेळेवर ॲसिड सोडलं तर सुटतो, हंगामभर तसाच राहू दिला तर लॅटरलच बदलावी लागते.

आता वस्तीवर लाईट किती असते बघा. आमचं घर शेतीच्या फीडरवर. थ्री फेज आठ तास, ते पण आठवड्यात कधी दिवसा कधी रात्री. बाकीच्या वेळात सिंगल फेज आली तर आली. दीडशे एएचची बॅटरी आमच्या जुन्या इन्व्हर्टरच्या बारा-पंधरा अँपिअरनं भरायला दहा-बारा तास सलग लाईट पाहिजे, कारण शेवटचा पाचवा हिस्सा ती फार हळू घेते. एवढी सलग लाईट आम्हाला महिन्यातून किती दिवस मिळाली असेल? म्हणजे सहा वर्षं ती बॅटरी रोज अर्धपोटी झोपली. शहरात हीच बॅटरी वर्षातून दहा वेळा वापरली जाते आणि बाकी वेळ भरलेली बसते, म्हणून तिथं टिकते. आपल्याकडं लोक म्हणतात 'कंपनी खराब निघाली'. काही वेळा निघतही असेल. पण बऱ्याच वेळा कंपनी बरोबर असते, जागा चुकीची असते.

त्यात ऊन. आमची बॅटरी पत्र्याच्या खोलीत होती. एप्रिल-मेमध्ये त्या खोलीत हात लावून बघा, पत्रा पोळतो. लेडच्या बॅटरीचा हिशेब असा आहे की पंचवीस अंशांच्या वर दर दहाएक अंशाला आयुष्य जवळपास निम्मं होतं. शेजारीच आमची जुनी माळवदाची खोली आहे, भर उन्हाळ्यात गार. तिथं ठेवायची होती. पण चार्ज होताना लेडची बॅटरी हायड्रोजन सोडते, आणि त्या खोलीला खिडकी नाही, म्हणून अण्णांनी ती पत्र्यात ठेवली. त्यांचं बरोबर होतं.

मे गेला, जूनमध्ये पेरणीची गडबड, जुलैत फवारण्या. 'आज घेऊ, उद्या घेऊ' करत ऑगस्ट आला. पोळ्याच्या आदल्या आठवड्यात दुकानात गेलो. दोन भाव मिळाले. तसलीच दीडशेची ट्युब्युलर साडेपंधरा हजार, जुनी दिली तर त्यातनं वजा. लिथियमची शंभर एएचची सव्वीस हजार, आणि तिच्यावर जुनी घेत नव्हते. (मी घेतली तेव्हा लेडच्या बॅटरीवर जीएसटी २८ टक्के होता आणि लिथियमवर १८. २२ सप्टेंबर २०२५ पासून दोन्हीवर १८ आहे, म्हणजे आता ट्युब्युलर थोडी उतरली असेल. भाव काढताना ते बघा.)

शंभर आणि दीडशे बघून पहिल्यांदा वाटतं की लिथियम लहान आहे. मलाही वाटलं. पण बॅटरीवर लिहिलेला दीडशेचा आकडा वीस तासांच्या हिशेबाचा असतो, म्हणजे तासाला साडेसात अँपिअर काढले तर. आपण घरात पंचवीस-तीस अँपिअर काढतो, तेव्हा दीडशे मिळत नाहीत. वर तिचं आयुष्य राखायचं तर रोज निम्म्याच्या खाली उतरवायची नाही. लिथियमला हे बंधन जवळजवळ नाही. नव्वद टक्के काढलं तरी तिची तक्रार नसते. आणि आमच्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तिला अर्धवट ठेवलं तर काही होत नाही. उलट सारखी काठोकाठ भरून ठेवण्यापेक्षा अधेमधे असलेली तिला बरी. दोन तास लाईट आली, दोन तासांचं घेतलं, गेली तर गेली. वस्तीवरच्या लाईटला हीच जोडी.

लिथियम म्हटलं की लोक आधी पेटलेल्या स्कूटरी आठवतात. घरच्या इन्व्हर्टरला जी येते ती बहुतेक लिथियम आयर्न फॉस्फेटची असते, एलएफपी म्हणतात तिला. हिचं रसायन १९९०च्या दशकात अमेरिकेत टेक्सासच्या विद्यापीठात गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेत पुढं आलं. लिथियम बॅटरीच्या कामासाठी २०१९ चं नोबेल ज्या तिघांना मिळालं त्यातले ते एक. मोबाईलमध्ये असते त्या जातीपेक्षा ही उष्णतेला जास्त सोशिक आहे. म्हणजे पेटतच नाही असं नव्हे, पण सहजी पेटत नाही. घेताना पावतीवर 'एलएफपी' किंवा 'लायफेपीओफोर' लिहून घ्या, नुसतं 'लिथियम' नको. वजन तेरा किलो. जुनी काढताना आम्ही दोघं गडी आणि एक पहार लागली होती, ही मी एका हातात आणली.

आता दुसरी चूक. दुकानदाराला विचारलं, 'माझा इन्व्हर्टर जुना आहे, चालेल का?' तो म्हणाला, 'बारा व्होल्टला बारा व्होल्ट, काढा आणि जोडा, काही बघायचं नाही.' नवीन इन्व्हर्टरचे साडेनऊ हजार वाचत होते, त्यामुळं मला ते ऐकायचंच होतं. घरी येऊन पाना घेतला, लाल-काळी वायर जोडली, पंखा फिरला. आईला म्हटलं, 'आता दहा वर्षं बघायचं काम न्हाई.'

महिनाभर सगळं ठीक वाटलं. सप्टेंबरचा तो पाऊस सुरू झाला. बोरी धरण भरून वाहायला लागलं, किल्ल्यातले नर-मादी धबधबे बघायला गाड्यांची रांग, आणि इकडं आमच्या ओढ्यानं बांध फोडून सोयाबीनच्या शेंगांत पाणी. एका संध्याकाळी सहाला लाईट गेली. शेजारच्या दोन वस्त्यांवरच्या लोकांचे मोबाईल आमच्याकडं चार्जिंगला, टीव्हीवर बातम्या, घरात दिवे, पंखा. इन्व्हर्टरवर बॅटरीचे चारपैकी चार दिवे लागलेले. अकराला बघितलं, चार. एकला उठून बघितलं, चारच. मी खूश. मनात म्हटलं, काय बॅटरी आहे.

अडीचच्या सुमाराला आईचा आवाज आला. छातीतली शीळ दुसऱ्या खोलीतून ऐकू येत होती. नेब्युलायझर लावला. दोन मिनिटं झाली असतील. एकदा 'टूं' वाजलं आणि सगळं घर काळं. आधी इशारा नाही, दिवे कमी झाले नाहीत, काही नाही. बटण दाबलं, बंद. काढून लावलं, बंद. मीटर लावला तर बॅटरीच्या टर्मिनलवर शून्य व्होल्ट. बारा नाही, दहा नाही, शून्य. मला वाटलं फुटली आतून.

बाहेर धो धो पाऊस. ओढ्याला पाणी, मोटरसायकल जायला वाट नाही. आई खाटेवर पुढं वाकून, दोन्ही हात गुडघ्यावर टेकवून श्वास ओढत होती. पफ दिले, पण तिला तो ओढताच येईना.

जुनी बॅटरी ओसरीवर पोत्याखाली पडली होती. भंगारवाल्याची वाट बघत महिनाभर तिथंच. बायको म्हणाली, 'ती लावून बघा की.' मी म्हटलं, ती मेली आहे. ती म्हणाली, 'बावीस मिनटं चालती ना? हितं धाच लागत्यात.' एवढं साधं गणित मला सुचलं नव्हतं. साठ किलोचं ते धूड तिनं आणि मी ओसरीवरून फरफटत आणलं. मोबाईल तोंडात धरून मी वायरी बदलल्या. घरातली सगळी बटणं तिनं बंद केली, फक्त नेब्युलायझर ठेवला. इन्व्हर्टर चालू केला, लगेच ओरडायला लागला, लाल दिवा, पण चालू राहिला. नऊ-दहा मिनिटं तो ओरडत होता आणि औषधाचा धूर येत होता. औषध संपलं, आईनं मास्क काढला आणि पहिलं वाक्य बोलली, 'ते आरडायचं बंद कर आधी.'

तेव्हा कळलं की तिला बरं वाटतंय.

सकाळी पाणी ओसरल्यावर चाचांकडं गेलो. त्यांनी जे सांगितलं त्यातलं थोडं आधी त्यांनाही माहीत नव्हतं, सोलापूरला एका जाणकाराला फोन करून त्यांनी विचारून घेतलं. झालं होतं असं. लेडची बॅटरी उतरत जाते तसं तिचं व्होल्टेज पण हळूहळू उतरतं, त्यावरून इन्व्हर्टर किती शिल्लक आहे ते ओळखतो. एलएफपीचं तसं नसतं. ती जवळपास शेवटपर्यंत तेराच्या आसपास राहते आणि शेवटच्या थोडक्यात एकदम कोसळते. विहिरीचं पाणी दोरीनं मोजायची सवय असलेल्या माणसाला तळाला भोक असलेली टाकी दिल्यासारखं झालं. चार दिवे खोटे नव्हते, ते दुसऱ्याच बॅटरीचे होते.

आणि शून्य व्होल्ट का? बॅटरीच्या आत एक सर्किट असतं, बीएमएस म्हणतात. सेल फार उतरले, फार भरले किंवा जास्त करंट ओढला की ते स्वतःला तोडून घेतं. बॅटरी मेली नव्हती, तिनं दार लावून घेतलं होतं. बाहेरून चार्जिंग मिळालं की दार उघडतं. पण लाईटच नाही तर चार्जिंग कुठलं. वर आमचा जुना इन्व्हर्टर ट्युब्युलरच्या सेटिंगवर, म्हणजे चार्ज करताना पावणेपंधरा व्होल्टच्याही वर जाणारा. लिथियमला चौदा पॉइंट सहाच्या वर द्यायचंच नाही. त्यामुळं चार्जिंगमध्येही बीएमएस रोज मध्येच तोडत होता, सेल नीट भरत होते की नाही देव जाणे. महिनाभर मी समजत होतो सगळं ठीक आहे, आणि रोज ते दोघं भांडत होते.

दुकानदाराकडं गेलो होतो. त्याचं म्हणणं, 'आम्हाला कंपनीनं असंच सांगितलंय.' मी भांडलो नाही. विचारलं मीच अर्धं होतं.

ऑक्टोबरमध्ये लिथियमचं सेटिंग असलेला इन्व्हर्टर घेतला, साडेनऊ हजार. नको तिथं वाचवायला गेलो तेच पैसे गेले, आणि ते सोयाबीन गेल्यावर गेले, म्हणून जास्त लागले. आता जो आकडा विचाराल तो देतो. चार्जिंग चौदा पॉइंट दोनला थांबतं, नंतर साडेतेरावर धरून ठेवतं. खाली बारा व्होल्टला इशारा, त्याच्या थोडं खाली इन्व्हर्टर स्वतः बंद होतो, बीएमएसनं दार लावायच्या आधी. इक्वलायझेशन नावाचं एक सेटिंग असतं, ते लेडसाठी, ते बंद पाहिजे. चार्जिंगचा करंट पंचवीस अँपिअर, त्यामुळं रिकामी बॅटरी चार-साडेचार तासांत भरते. आठ तासांच्या लाईटमध्ये आता दोनदा भरेल. वायर जाड घेतली आणि बॅटरीजवळ लाल वायरीला सव्वाशे अँपिअरचा फ्यूज टाकला, जो आधी कधीच नव्हता. शिल्लक किती ते बॅटरी स्वतः मोबाईलवर टक्क्यांत सांगते. पाणी घालायचं नाही, वायू सोडत नाही, म्हणून आता ती माळवदाच्या गार खोलीत गेली. लिथियमलाही ऊन सोसत नाही, पत्र्याखाली तीही खराब होईल.

त्याआधी एक काम केलं ते सगळ्यात आधी करायला पाहिजे होतं. वही घेऊन घरातला लोड लिहिला. जुने तीन पंखे, प्रत्येकी पंचाहत्तर वॅट, म्हणजे सव्वादोनशे. चार एलईडी मिळून छत्तीस. वायफायचा डबा बारा. एकूण पावणेतीनशेच्या आत. एलएफपी शंभर एएच म्हणजे १२८० वॅट-तास, इन्व्हर्टर खातो ते आणि तळाचं राखायचं ते वजा करून घरात साडेनऊशे-हजार मिळतात. साडेतीन तास. मग पंखे बदलले, बीएलडीसीचे, सत्तावीसशेला एक. ते जोरात तीस वॅट आणि रात्री मध्यम वेगात पंधराएक. लोड निम्म्यावर आला, तास दुप्पट झाले. पंख्यांचे आठ हजार गेले, पण दुसरी बॅटरी घ्यायची तर सव्वीस गेले असते. नेब्युलायझर किती खातो तेही मोजलं. सव्वाशे वॅट, दहा मिनिटं. म्हणजे वीसएक वॅट-तास. सबंध बॅटरीच्या पन्नासाव्या हिश्श्याएवढंही नाही. एवढ्याशासाठी त्या रात्री ती वेळ आली, कारण आम्ही टीव्ही बघत होतो.

नळदुर्गच्या डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते आधी मलाच रागावले. पफ थेट तोंडात मारायचा नाही, मध्ये स्पेसर लावायचा, प्लास्टिकची नळकांडी असते ती. माणसाला जोरात ओढता येत नसलं तरी त्यातनं औषध आत जातं, आणि त्याला लाईट लागत नाही. काही शे रुपयांची वस्तू. आता ती आईच्या उशाशी आहे आणि एक बायकोच्या कपाटात. त्रास वाढला तर दवाखाना, ते वेगळं.

पीएम सूर्यघरचं बरेच जण विचारतात, म्हणून एवढं सांगतो. ही योजना फेब्रुवारी २०२४ ला आली, तीन किलोवॅटला ७८ हजारांपर्यंत अनुदान आहे. पण अनुदान पॅनलच्या किलोवॅटवर आहे, बॅटरीवर नाही. आणि साधी ग्रीडला जोडलेली सिस्टीम बसवली तर लाईट गेली की भर उन्हातसुद्धा ती बंद होते. बंद व्हायलाच पाहिजे, नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनला तुमच्या घरचा करंट लागेल. नळदुर्गात एकानं छतावर पॅनल घातले आणि इन्व्हर्टर विकून टाकला. पहिल्या लोडशेडिंगला त्याला कळलं. लाईट नसताना चालवायचं असेल तर हायब्रीड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते, ते आधी ठरवा. मी सध्या तिकडं गेलो नाही, पैसे नाहीत.

जुन्या बॅटरीचं सांगायचं राहिलं. त्या रात्रीनंतर दोन आठवडे मला ती देववेना, खरं सांगतो. मग भंगारवाला टेम्पो घेऊन आला, म्हणाला, 'ॲसिड काढून द्या, कोरड्या वजनावर घेतो.' म्हणजे बांधावर ओतायचं. त्या उंच बॅटरीत पंधराएक लिटर असतं. २०१३ ला पहिली बॅटरी दिली तेव्हा आम्ही हेच केलं होतं, बाभळीखाली ओतलं. जमीन फसफसली, त्या वर्षी तिथलं गवत जळालं, पुढच्या पावसाळ्यात परत उगवलं. आम्हाला वाटलं, झालं, निवळलं. आपली काळी जमीन चुनखडीची, ॲसिडला ती मारते हे बरोबर. पण ॲसिडमध्ये शिसं असतं, ते कुठं जात नाही. ते वरच्या मातीत तसंच बसून राहतं. त्या बाभळीखाली नंतर कितीतरी वर्षं आम्ही उडदाची रास केली, मिरच्या वाळत घातल्या, पोरं खेळली. आता तिथं काही वाळत घालत नाही. माती तपासायला दिली तर नेहमीच्या आरोग्य पत्रिकेत शिसं येत नाही, ते वेगळं तपासावं लागतं. कुणा कृषी अधिकाऱ्याला मराठवाड्यात शिशाची तपासणी कुठं करून मिळते ते ठाऊक असेल तर खाली लिहा, मला करायची आहे.

भंगारवाल्याला परत पाठवलं. २०२२ च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांत जुनी बॅटरी गोळा करून नीट विल्हेवाट लावायची जबाबदारी बनवणाऱ्या कंपनीवर टाकली आहे. दुसऱ्या एका डीलरनं ॲसिडसकट, बुचं लावून उभी नेली. भंगारवाल्यापेक्षा दोनशे रुपये कमी दिले. नेताना गड्याला म्हटलं, 'आडवी करू नको.' तो म्हणाला, 'मामा, भंगार हाय ते.'

अण्णांची वही परत काढली आहे. पाणी घालायचं नाही, पण टर्मिनलचे बोल्ट कसायचे, लगला पांढरं आलंय का बघायचं, मोबाईलवरचे चारही सेलचे आकडे लिहायचे, तेवढ्याला महिन्याचा पहिला रविवार ठेवलाय. दोन ओळी झाल्या.

परवा रात्री साडेनऊला लाईट गेली, पहाटे चारला आली. दोन पंखे, एक झिरो, वायफाय. सकाळी बासष्ट टक्के शिल्लक होतं. आईला मोबाईलवर दाखवलं. ती म्हणाली, 'मग एक पंखा कशाला बंद केला व्हता रात्री?'